गप्प पुली

बाजाराच्या मागच्या रस्त्यावर, टायरवाल्याच्या दुकानाला भिंत लावून एक गॅरेज होतं. त्याच्या मालकाचं खरं नाव बँक आणि बायको सोडली तर कुणाला ठाऊक नसावं. बाकी सगळे या मिस्त्रींना कानसेन म्हणत. गाता न येणाऱ्या पण गाणं कळणाऱ्या माणसाला आपण गमतीने कानसेन म्हणतो. मिस्त्रींचं गाणं म्हणजे इंजिन. गाडी रस्त्याच्या तोंडाशी वळली की हातातलं काम न सोडता, मान वर न करता ते सांगत, "तिसरा सिलिंडर झोपलाय." आणि तिसराच झोपलेला असे.

त्यांचं खरं हत्यार म्हणजे लाकडी मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक चालू इंजिनच्या अंगावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबायची. डॉक्टर छातीला नळी लावतात तसं. डायनॅमो, पाण्याचा पंप, स्टिअरिंगचा पंप, एकेकाची नाडी बघायची. डोळे मिटलेले. गाडीवाला श्वास रोखून उभा. मग मिस्त्री मूठ खाली घेत आणि निकाल देत. त्या निकालावर अपील नसे.

कामाचा त्यांचा एक नियम होता: जे बोलत नाही ते खोलायचं नाही. मोठ्या गॅरेजमध्ये अंदाजाने चार भाग बदलतात, पाचवा खराब निघतो, आणि बिल सहाचं होतं. मिस्त्रींना ते पाप वाटे. दुसरा नियम शटरचा. दर आठवड्याला न चुकता शटरच्या खाचांत तेल सोडायचं. "ज्याच्या शटरचा आवाज येतो त्याच्याकडे गाडी देऊ नये," असं ते टायरवाल्याला ऐकवत, कारण टायरवाल्याचं शटर रोज सकाळी पिसाळलेल्या रेड्यासारखं ओरडे.

"माझ्याकडे गाडी कुठे देतात? चाकंच देतात," टायरवाला म्हणे.

हे सगळं नेमकं केव्हा निसटायला लागलं, ते मिस्त्रींना सांगता आलं नसतं. कान एका दिवसात जात नाहीत. आधी पाखरं गेली. पहाटे खिडकीबाहेर कलकलाट असायचा, तो एका हिवाळ्यात कमी वाटला. झाडं तोडली असतील, असं त्यांनी धरून चाललं. झाडं जागच्या जागी होती. मग कुकरची शिट्टी गेली, मग फोनची रिंग. जाड आवाज मात्र शाबूत होते. ट्रकची धडधड, इंजिनची घरघर, टायरवाल्याच्या शिव्या, सगळं पहिल्यासारखं. म्हणून फसगत लांबली. माणसांचं बोलणं कळे. पुरुषांचं जास्त, बायकांचं कमी, आणि ओठ दिसत असले तर बहुतेक सगळं. गेला होता तो फक्त वरचा, बारीक, सुईच्या टोकासारखा आवाज. आणि मिस्त्रींचा सगळा धंदा त्या सुईच्या टोकावर उभा होता.

"अहो, मी भिंतीशी बोलतेय का?" बायको म्हणायची. "भिंत परवडली. निदान खोटं खोटं 'हं हं' तरी करत नाही."

शेवटी तिनेच त्यांना ओढत कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे एका काचेच्या खोलीत बसवून डोक्यावर हेडफोन चढवले. बाहेर मशीनपाशी बसलेली बाई म्हणाली, "काका, आवाज आला की बटण दाबा. अगदी बारीक आला तरी दाबा." मिस्त्री बटणावर अंगठा ठेवून बसले. काही येईना. मग त्यांच्या लक्षात आलं, समोरच्या काचेत त्या बाईचं प्रतिबिंब पडलंय. चेहरा नाही, नुसता कोपर. मशीनचं बटण दाबताना तो कोपर किंचित हलत होता. कोपर हलला की मिस्त्री अंगठा दाबत.

"वयाच्या मानाने उत्तम आहेत कान," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे कान ठणठणीत!" बाहेर आल्यावर बायकोने हात जोडले. "फक्त माझंच ऐकायचं नाही, एवढंच ना? तसं लग्नाच्या दिवशीच सांगायचं होतं, मीही तोंड शिवून आले असते."

मिस्त्री हसले. घरापर्यंत हसत गेले. पण जेवायला बसल्यावर त्यांना तो कोपर आठवत राहिला. शाळेत कॉपी करून पास झालेल्या पोराची जी गत होते ती त्यांची झाली होती. पास तर झालो, पण आता वरच्या वर्गात बसावं लागणार.

वरच्या वर्गात त्यांचे फार हाल झाले. एका गाडीच्या पाण्याच्या पंपातून डोळ्यांदेखत पाणी ठिबकत होतं, पुली डुगडुगत होती. मिस्त्रींनी सवयीने स्क्रूड्रायव्हर लावला. आतून काहीच आलं नाही. त्यांनी टोक हलवून डायनॅमोवर ठेवलं, मग पुन्हा पंपावर. खालची घरघर तेवढी हाडाला लागत होती, तीही सगळीकडे सारखीच. जणू एका रात्रीत जगातल्या सगळ्या गाड्यांच्या सगळ्या बेअरिंगा चांगल्या झाल्या होत्या. ज्याने एवढी वर्षं खोटं सांगितलं नाही, तो स्क्रूड्रायव्हर आता काहीच सांगत नव्हता.

त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. ब्रेक, क्लच अशी डोळ्यांनी करायची कामं ते पुढे होऊन घेऊ लागले. आवाजाची तक्रार आली की म्हणत, "तुम्हीच करून दाखवा, कसा येतो?" लोकांना नक्कल करायला आवडतं. त्या नकलेवरून आणि डोळ्यांना दिसेल त्यावरून ते निदान करत, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे. तरीही लोकांसमोर कानामागे मूठ दाबून, डोळे मिटून उभे राहत. त्या मिटलेल्या डोळ्यांमागे काय चाललंय ते त्यांनाच ठाऊक. पोरीचं लग्न होऊन ती दूर गेली होती, घर स्वतःचं होतं, खायला-प्यायला कमी नव्हतं. गॅरेज बंद केलं असतं तर चूल विझली नसती. पण कान गेलेला कानसेन म्हणजे कोण, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. आणि त्या प्रश्नापुढे त्यांना उभं राहायचं नव्हतं.

अशात एक दिवस सिस्टरची गाडी आली.

सिस्टर म्हणजे घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांचं बघणारी नर्स. जखमा धुणं, इंजेक्शनं देणं, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून माणसांना कुशीवर वळवणं. तिची बरीचशी माणसं टेकडीवरच्या वस्तीत होती. वर जायचा रस्ता म्हणजे एकामागून एक वळणं, आणि गाडी तर अशी जुनी की तिच्या वयाच्या बाकीच्या गाड्या केव्हाच भंगारात गेलेल्या.

"काका, गाडी किंचाळतेय."

"कशी? करून दाखवा."

"मी? ऐकायचं तुम्ही ना!"

"तुमच्याकडे पेशंट काय म्हणतो ते आधी ऐकतात की नाही?"

सिस्टरने इकडेतिकडे बघितलं आणि भर रस्त्यात तोंड वाकडं करून नक्कल केली. मिस्त्रींनी तिच्या ताणलेल्या ओठांकडे बघून ओळखलं, आवाज चिरका आहे, सरळ आहे, ठोके नाहीत.

"सकाळी जास्त," ती म्हणाली. "आणि वळताना तर मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी. त्या वरच्या आजी म्हणतात, सिस्टर, तुमची बेल छान आहे, ती वाजली की मी देवाला सांगते, थांब रे, आज नको, सिस्टर येतेय."

"गाडीला घशाचं इंजेक्शन द्या ना एक," टायरवाला भिंतीपलीकडून म्हणाला.

"आधी तुमच्या शटरला देते."

मिस्त्रींनी गाडी चालू करून बॉनेट उघडलं. या गाडीच्या पोटात एकच लांब नागमोडी पट्टा. इंजिन त्याला फिरवतं, आणि तो डायनॅमो, पाण्याचा पंप, स्टिअरिंगचा पंप या सगळ्यांच्या पुल्यांवरून वेटोळे घेत सगळ्यांना फिरवतो. तो ढिला पडू नये म्हणून एका स्प्रिंगच्या दांड्यावर छोटी पुली असते, ती त्याला सतत दाबून ताणून धरते. त्याला टेन्शनर म्हणतात. टायरवाला म्हणायचा, "प्रत्येक घरात एक असतोच, मशीनला वेगळा बसवावा लागतो."

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. नेहमीचीच शांतता. डोळे उघडल्यावर मात्र त्यांना दिसलं, टेन्शनरचा दांडा म्हाताऱ्याच्या हनुवटीसारखा थरथरतोय, आणि पट्ट्याच्या पोटाला आडव्या भेगा पडल्या आहेत.

"टेन्शनर गेलाय. पट्टाही संपलाय."

"बघा!" सिस्टर टायरवाल्याला म्हणाली. "आम्हाला एक्स-रे लागतो."

पट्टा दुकानात मिळाला. टेन्शनरचं नाव काढताच दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. "ही गाडी अजून चालते? मागवावा लागेल. आठवडा तरी जाईल."

सिस्टरचा चेहरा पडला. "आठवडा कसा चालेल, काका? आजींना कुशीवर कोण वळवेल? त्यांची सून कामावर जाते, तिच्याने त्या हलतही नाहीत. चार दिवस पाठ टेकून राहिल्या तर कातडी फाटते."

"बघतो मी," मिस्त्री म्हणाले. त्या दोन शब्दांची सगळ्यांना सवय होती.

ते भंगारवाल्याकडे गेले. त्याच्याकडे मोडलेल्या गाड्यांतून काढलेल्या टेन्शनरांची एक पेटीच होती. "निवडा, कानसेन," तो म्हणाला. "तुम्ही निवडलेला म्हणजे नवाच समजायचा. लोक मला विचारतात, कानसेनांनी टाकलेला नाही ना?"

पूर्वी मिस्त्री या पेटीसमोर उकिडवे बसत. एकेक पुली बोटाने भिरकावून कानाशी धरत. 'हिच्यात वाळू', 'ही कोरडी', 'ही आजारी', असं म्हणत बाजूला टाकत, आणि पेटी रिकामी होता होता एखादी खिशात घालत. आजही ते तसेच बसले. पहिली फिरवली, कानाशी धरली. गप्प. दुसरी. गप्प. तिसरी, चौथी. सगळ्या गप्प. भंगारवाला कौतुकाने बघत उभा होता. बोटांनी काही सांगावं तर कानाने इतकी वर्षं सगळं परस्पर सांगितलं होतं, की बोटांनी काही शिकून घेतलंच नव्हतं. एक पुली जरा अडखळत थांबत होती. दुसरी बोट लावताच भिरभिरली आणि बराच वेळ फिरत राहिली. भिरभिरणारी पुली कधी खरोखर हलकी असते, कधी आतलं ग्रीस आटून कोरडी पडलेली असते, आणि त्यातला फरक फक्त आवाजात असतो. हे मिस्त्रींनीच कित्येकांना शिकवलं होतं. त्यांनी भिरभिरणारी उचलली.

"बास? एवढ्यात झालं?" भंगारवाला म्हणाला. "आज कान भलतेच तेज आहेत."

काम त्यांनी नेहमीसारखं नीटनेटकं केलं. लांब दांड्याचा पाना टेन्शनरच्या बोल्टात अडकवून स्प्रिंगच्या उलट दाब दिला, तशी पकड सुटली. जुना पट्टा मेलेल्या सापासारखा ओघळला. जुना टेन्शनर खोलला, मागची जागा फडक्याने पुसली, आणलेला बसवला, बोल्ट हाताने धरवून मग आवळले. मग नवा पट्टा. खालच्या मोठ्या पुलीपासून सुरुवात, डायनॅमोला वरून, पाण्याच्या पंपाला पाठ लावून, स्टिअरिंगच्या पंपाला वळसा, आणि शेवटी पुन्हा पान्यावर सगळा जोर देऊन टेन्शनर मागे रेटायचा आणि पट्टा त्याच्या खाली सरकवायचा. प्रत्येक पुलीच्या खाचेत पट्ट्याच्या रेघा बसल्या की नाही, ते त्यांनी बोट फिरवून पाहिलं. गाडी चालू केली. दांडा आता थरथरत नव्हता. पट्टा सरळ पळत होता. डोळ्यांना दिसेल तेवढं सगळं ठीक होतं.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, मुठीकडे बघितलं, आणि खाली ठेवला.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. ती रोजच येई, डबा फळीवर ठेवून दोन टोमणे मारून जाई. आज मिस्त्रींनी तिला हाक मारली.

"अगं, जरा इकडे ये."

"का? काय सांडलं?"

"इथे उभी राहा. या बाजूला. ऐक जरा."

"काय ऐकू?"

"बारीक आवाज येतोय का बघ. शिट्टीसारखा. चिरका."

बायको खळखळून हसली. "मी? कानसेन मला विचारतात! अहो टायरवाले भाऊ, ऐकलंत का, आता माझी परीक्षा…"

वाक्य अर्ध्यावर राहिलं. मिस्त्रींना तिचं हसू चेहऱ्यावरून उतरताना दिसलं. त्यांची नजर तिच्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती, आणि ते तिने बघितलं. गेल्या दोन-तीन वर्षांतलं सगळं, ते 'हं हं', ते हसून टाळणं, ती काचेची खोली, तिच्या मनात एकदम ओळीने उभं राहिलं असावं. ती इंजिनकडे वळली. कान देऊन ऐकलं. मग त्यांच्याकडे तोंड करून, एरवीपेक्षा सावकाश म्हणाली, "नाही. नाही येत काही."

"नक्की?"

"नक्की. अगदी गुळगुळीत चाललंय."

मिस्त्रींनी श्वास सोडला. इंजिन बंद केलं. बायको डब्याचं झाकण उघडून बसली आणि त्या दिवशी एकही टोमणा न मारता घरी गेली.

सिस्टर संध्याकाळी गाडी घ्यायला आली. चालू केली, आणि मान जराशी कलती केली. मिस्त्रींनी ती मान बघितली. तिने तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "नवा पट्टा आहे. चार दिवस गाईल थोडा, मग बसेल."

"तुम्ही म्हणता म्हणजे झालं," सिस्टर म्हणाली, आणि हात हलवून गेली.

नवा पट्टा खरंच चार दिवस गातो. त्यात खोटं काही नव्हतं. खोटं एवढंच होतं की गाणं पट्ट्याचं आहे की पुलीचं, ते सांगणाऱ्याला गाणंच ऐकू येत नव्हतं.

पट्टा बसला नाही. पंधरवडा उलटला असेल, टायरवाला भर सकाळी धापा टाकत गॅरेजमध्ये शिरला. "सिस्टरची गाडी. वरच्या वळणावर. कठड्यावर आदळली."

मिस्त्रींनी त्याचे ओठ वाचले, तरी म्हणाले, "काय?"

"जिवंत आहे हो. शुद्धीत आहे. हात गेलाय."

वस्तीकडून उतरताना, वळण अर्धं घेऊन झालेलं असताना पट्टा सुटला होता. पट्टा गेला की स्टिअरिंगचा पंप थांबतो, आणि एका बोटावर वळणारं स्टिअरिंगचं चाक दगड होऊन बसतं. सिस्टरने दोन्ही हातांनी ओढून बघितलं असणार. चाकाने उलट झटका दिला, तेव्हा उजवं मनगट चाकाच्या दांड्यात होतं.

गाडी ओढून गॅरेजसमोर आणली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. पट्ट्याच्या चिंध्या सगळीकडे गुंडाळल्या होत्या. टेन्शनरची पुली जळून निळी पडली होती, आतल्या गोळ्या एकमेकींत वितळून चिकटल्या होत्या. बोटाने ती फिरेना. एवढं जळायला वेळ लागतो. इतके दिवस ती पुली ओरडत असणार, आधी हळू, मग रस्ताभर, मग गल्लीभर.

"पट्टाच खराब निघाला का हो?" टायरवाला म्हणाला. "हल्ली माल कसला येतो! तुम्ही तरी काय करणार?"

मिस्त्रींनी पुली खोलून खिशात घातली. 

दोन दिवसांनी ते सिस्टरच्या घरी गेले. एकच खोली, खिडकीत वाळत घातलेले पांढरे कपडे, कॉटवर उशांना टेकून सिस्टर. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. बाहेर आलेली बोटं सुजून गुळगुळीत झालेली.

"या काका. बघा, आयुष्यभर लोकांना प्लास्टर सांभाळा म्हणून ओरडले, आता स्वतः खाजवत बसलेय." तिने बोटं हलवून दाखवली. अंगठा आणि शेजारचं बोट हललं. बाकीची हलली नाहीत. "ही तिघं संपावर आहेत. डॉक्टर म्हणतात येतील कामावर, पण पहिल्यासारखी पकड येईलच असं नाही. माणूस कुशीवर वळवायचं म्हणजे पकड लागते."

मिस्त्री खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांनी विचारलं, "वरच्या आजी?"

"त्यांना दवाखान्यात नेलंय. पाठ फाटली." तिने प्लास्टरचा हात उशीवर नीट ठेवला. "सुनेने प्रयत्न केला हो. पण ते ज्याचं त्यालाच जमतं."

मग तिने जे सांगितलं, ते सांगताना तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं मिस्त्रींना पुढे कित्येकदा वाटलं.

"आवाज येत होता, काका. तुमच्याकडून नेली त्या दिवसापासून. रोज वाढत होता. शेवटी तर मला स्वतःचं बोलणं ऐकू येईना. पण मी म्हटलं, कानसेनांनी ऐकून दिलेली गाडी आहे, आपल्याला काय कळतंय त्यातलं? पट्टा बसायला वेळ लागत असेल. मग मी रेडिओ लावायला लागले. मोठ्याने."

"सिस्टर," मिस्त्री म्हणाले, "मला…"

"नका हो मनाला लावून घेऊ. यंत्र आहे. माणसं मोडतात, यंत्र का नाही मोडणार?"

ओठांवर आलेलं वाक्य त्यांनी गिळलं. तिचीच समजूत काढायला गेलेले ते तिच्याकडून समजूत काढून घेऊन जिना उतरले.

घरी बायको दारातच बसली होती. मिस्त्री शेजारी टेकले. तिने त्यांच्या दंडाला हात लावून त्यांना आपल्याकडे वळवलं. अपघाताच्या बातमीनंतर ती त्यांच्याशी अशीच बोलत होती, समोर येऊन, सावकाश, ओठ दिसतील असं. त्या बोलण्यात आता टोमणे नव्हते, आणि ते टोमणे नसणं मिस्त्रींना सहन होत नव्हतं.

"मला येत होता तो आवाज," ती म्हणाली.

मिस्त्रींनी मान हलवली. त्यांना ते पुली खिशात घालतानाच कळलं होतं.

"मग 'नाही' का म्हणालीस?"

"तुमचं तोंड बघितलं."

रस्त्यावरून एक सायकल गेली. बहुधा घंटी वाजवत गेली, कारण बायकोने तिकडे पाहिलं.

"मला वाटलं, बारीकच तर आहे, गाड्यांना असेल असं काहीतरी," ती म्हणाली. "मला कुठे गाडीतलं कळतं? मी गाडी पास करत नव्हते हो. मी तुम्हाला पास करत होते."

यावर रागवायचं तर कुठल्या तोंडाने? कॉपीची सुरुवात त्यांनीच केली होती. त्यांनी खिशातली निळी पुली काढून दोघांच्या मध्ये पायरीवर ठेवली. अंधार पडेपर्यंत ती तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी ते गॅरेज उघडून बसले, पण हात कशालाच लागेना. दहाच्या सुमारास एक ओळखीचा गाडीवाला आला. इंजिन चालूच ठेवून उतरला, बॉनेट वर केलं. "मिस्त्री, जरा ऐकता का? कुठून तरी कुरकुर येतेय."

मिस्त्री उठले. पुढे आले. "मला ऐकू येत नाही," ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडलं होतं. ते बाहेर पडल्यावर काहीतरी होईल असं त्यांना वाटलं होतं. गाडीवाला मोठ्याने हसला.

"कानसेनांना ऐकू येत नाही! उद्या मासा म्हणेल मला पोहता येत नाही." त्याने टायरवाल्याकडे बघून डोळा मारला. "ऐकलंत का?"

"खरंच सांगतो. कान गेलेत माझे. दोन-तीन वर्षं झाली."

"दोन-तीन वर्षं? अहो, गेल्याच वर्षी माझा पाण्याचा पंप तुम्ही नुसत्या कानाने पकडलात! मूठ लावली, डोळे मिटले, आणि म्हणालात पंप." गाडीवाल्याचं हसू हळूहळू आटलं. "काम नको असेल तर तसं सांगा, मिस्त्री. थट्टा कशाला?" त्याने बॉनेट आपटलं आणि गाडी काढली. मोठ्या गॅरेजच्या दिशेने.

तो पंप ठिबकत होता. पुली डुगडुगत होती. ते डोळ्यांनी दिसत होतं. पण हे आता कुणाला सांगणार?

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर खिळ्याला अडकवला. दिवा मालवला. बाहेर येऊन शटरला हात घातला आणि ते सावकाश, नेहमीसारखं, एका लयीत खाली ओढलं. त्यांच्या लेखी ते लोण्यासारखं उतरलं. पण समोर झोपलेलं कुत्रं ताडकन उठलं. रस्त्याने चाललेल्या एका बाईने वळून बघितलं. आणि टायरवाल्याने खांदे आक्रसून दोन्ही कानांवर हात ठेवले.

मिस्त्री तसेच उभे राहिले. शटर बोलत नाही म्हटल्यावर त्यात तेल सोडायचं त्यांनी केव्हा सोडून दिलं, ते त्यांनाही आठवेना.

"ओरडतं का हे?"

टायरवाल्याने हात खाली घेतले. 

"केव्हापासून?"

"बरेच दिवस झाले." टायरवाला जमिनीकडे बघत बोलला, मग आठवण झाल्यासारखं त्याने तोंड वर केलं. "माझ्यापेक्षा वाईट ओरडतं. पण म्हटलं, कानसेनांना सांगणारे आपण कोण?"

तेलाची बुधली आत, फळीवर होती. ती काढायची तर शटर पुन्हा वर करावं लागलं असतं. मिस्त्रींनी कुलूप लावलं आणि ते घराकडे निघाले.